जुन्या ट्यूब अ‍ॅम्पचा आवाज प्लगइनमधून: रेकॉर्डिंगसाठी कोणतं घ्यावं?

खामलेकर_स्ट्रॅट

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, खामल्यात फ्लॅटमध्ये राहतो. मित्राच्या वऱ्हाडी कवितांना चाली लावल्या आहेत आणि घरच्या घरीच रेकॉर्ड करून राहिलो. गिटारचा आवाज पन्नास-साठच्या दशकातल्या लहान ट्यूब अ‍ॅम्पसारखा (काचेच्या ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) पाहिजे. हळू वाजवलं तर स्वच्छ, जोरात छेडलं की जरासा फाटणारा. मेटलवालं डिस्टॉर्शन नको.

खरा अ‍ॅम्प घेणं जमत नाही. एकतर पैसे नाहीत, आणि वरच्या मजल्यावरचे काका रात्री नऊनंतर मिक्सर फिरवला तरी खाली येतात.

सामान असं: फेंडर स्ट्रॅटच्या घडणीची गिटार (सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी एकेरी वेटोळी), फोकसराइट स्कारलेट सोलो (गिटार लॅपटॉपला जोडायचा ऑडिओ इंटरफेस), आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), हेडफोन. बजेट पाच हजारांच्या आत. फुकट जमलं तर उत्तमच.

सध्या प्लगइन, म्हणजे रीपरमध्ये अ‍ॅम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, म्हणून एक फुकटचं ट्वीड मॉडेल (फेंडरच्या कापडी आवरणाच्या जुन्या अ‍ॅम्पची नक्कल) लावून पाहिलं. आवाज मातकट येऊन राहिला. खालच्या तारा भदभद करतात आणि वरून चरचर. प्लगइन बदलू का? यूट्यूबवर प्रत्येकजण वेगळंच नाव सांगतो.

तर्रीबाज

काहून बे, पहिले हे सांग, स्कारलेटचं इन्स्ट बटन (गिटारसाठीचं) दाबलं आहे का? लाइनवर ठेवलं तर पिकअपवर भार पडतो आणि वरचे स्वर मरतात. निम्म्या लोकांचं दुखणं तिथंच असतं.

खामलेकर_स्ट्रॅट

दाबलेलंच आहे भाऊ. दिवा लागलेला दिसतो.

मुळाकाठचा

पुण्याहून हजेरी. थेट नाव हवं असेल तर न्यूरल डीएसपीचं टोन किंग इम्पीरियल बघा. बजेटच्या बाहेर जाईल, पण चौदा दिवस फुकट वापरून बघता येतं, फक्त आयलॉकचं (सॉफ्टवेअरच्या परवान्याची सेवा) खातं उघडावं लागतं. स्वच्छ आणि फाटण्याच्या काठावरचा आवाज यात फार सुंदर आहे. सॉफ्टट्यूबचं व्हिंटेज अ‍ॅम्प रूमही मला आवडतं. तीनच अ‍ॅम्प आहेत, मार्शल, फेंडर आणि व्हॉक्सच्या धाटणीचे, आणि माइक माऊसने ओढून स्पीकरच्या जवळ-लांब नेता येतो. नॉब कमी, त्यामुळे वेळ वाजवण्यात जातो.

अ‍ॅम्प्लिट्यूब या प्लगइनमध्ये फेंडरच्या परवान्याने केलेली मॉडेल्स आहेत, पण त्यांचं दुकान इतकं मोठं आहे की माणूस आत हरवतो. हे माझं वैयक्तिक मत.

रिव्हर्बवाली

थांबा हो, लगेच विकत घ्यायला कशाला लावता त्याला.

खामलेकर, तू सांगितलेली लक्षणं नीट वाचली. खालून भदभद आणि वरून चरचर. कॅबिनेट (स्पीकरच्या पेटीची नक्कल) लावायचं राहिलं असतं तर आवाज नुसता डासासारखा बारीक आला असता. दोन कॅबिनेट एकावर एक लागले असते तर उलट सगळंच घोंगडीखाली गेलं असतं, वरची चरचर उरलीच नसती. म्हणून माझा संशय दोन गोष्टींवर आहे.

पहिली म्हणजे तो अ‍ॅम्पच तसा आहे. ट्वीड म्हणून जे मॉडेल मिळतं ते बहुतेक वेळा फेंडर डीलक्सचं ५ई३ सर्किट असतं, १९५५ नंतरच्या वर्षांतलं. दोन ६व्ही६ ट्यूब, जेमतेम १२ ते १५ वॉट, एकच बारा इंची स्पीकर आणि टोनचा नॉब एकच. बास कमी करायची सोयच नाही. खऱ्या अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढे नेला की खालचे स्वर असेच सैल होतात. लोकांना तो त्यासाठीच आवडतो, पण नेक पिकअपवर (गिटारच्या मानेकडच्या) जाड कॉर्ड वाजवले की राडा. तेव्हा प्लगइन खोटं बोलत नाहीये, खरं बोलतंय.

यावर उपाय अ‍ॅम्पच्या आधी करायचा. प्लगइनच्या आधी रीपरचाच ईक्यू (स्वरपट्टे कमी-जास्त करणारा इफेक्ट) लाव आणि १२० हर्ट्झच्या खाली हलकंच काप. गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार ८२ हर्ट्झची, त्यामुळे थोडा जीव जाईल असं वाटेल, पण फाटण्याच्या पायरीवर तो बास पोचला नाही की पुढचं सगळं मोकळं होतं. हेच अ‍ॅम्पच्या नंतर कापलंस तर काही उपयोग नाही, तोवर घाण झालेली असते. मग गिटारचा स्वतःचा व्हॉल्यूम सात-आठवर आण. या जातीच्या अ‍ॅम्पवर खरं वाजवणं त्याच नॉबवर आहे. दहावर ठेवून कायम फाटका आवाज आणि पाचवर स्वच्छ, मधे पाय न हलवता जाता येतं.

अजून एक गंमत. ५ई३ ला दोन चॅनेल आणि दोन व्हॉल्यूम असतात, आणि ज्या चॅनेलमध्ये गिटार लावलेलीच नाही त्याचा नॉब फिरवला तरी लावलेल्या चॅनेलचा आवाज बदलतो. सर्किटच तसं आहे, दोन्ही नॉब एकमेकांवर भार टाकतात. चांगल्या मॉडेलमध्ये हे उतरवलेलं असतं. तुझ्यात आहे का ते फिरवून बघ. नसेल तर मात्र मॉडेल खरंच कच्चं आहे.

दुसरी गोष्ट लेव्हलची. गायनासाठी गेन (इनपुटची पातळी) चढवतात तसा चढवला आहेस का? प्लगइनला खरा पिकअप किती व्होल्ट देतो ते ठाऊक नसतं, त्याला फक्त डिजिटल आकडा दिसतो. आकडा मोठा आला की त्याला वाटतं कुणीतरी बूस्टर लावून आलाय. स्कारलेटचा गेन पार खाली आण, सगळ्यात जोरात छेड आणि मीटरचं शिखर -१२ डेसिबलच्या आसपास आहे का बघ. सिंगल कॉइलला तेवढं पुरतं.

खामलेकर_स्ट्रॅट

रिव्हर्बवाली ताई, दुसरा नॉब फिरवून पाहिला. आवाजात ढिम्म फरक नाही! म्हणजे मॉडेल कच्चं. ईक्यू आधी लावल्यावर भदभद मात्र खूप कमी झाली. आता फुकटात दुसरं काय?

रिव्हर्बवाली

मग न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर, लोक नॅम म्हणतात. फुकट आहे, सोर्स खुला आहे. यात सर्किट एकेक भागाने बनवलेलं नसतं. खऱ्या अ‍ॅम्पमधून एक ठरावीक सिग्नल सोडतात, बाहेर काय आलं ते रेकॉर्ड करतात आणि त्यावरून न्यूरल नेटवर्क शिकवतात. टोन३००० या साइटवर लोकांनी आपापल्या अ‍ॅम्पची अशी कॅप्चर चढवून ठेवली आहेत, ट्वीड, व्हॉक्स, जुने मार्शल, काय वाट्टेल ते.

मर्यादा दोन लक्षात ठेव. एक कॅप्चर म्हणजे नॉबची एकच सेटिंग. व्हॉल्यूम चारचा आवाज हवा तर चारचं कॅप्चर शोधायचं. आणि रिव्हर्ब किंवा ट्रेमोलो त्यात येत नाही, ते वेगळं लाव.

डाउनलोड करताना वर्णन वाच. फुल रिग लिहिलं असेल तर कॅबिनेट आणि माइक आधीच आत आहेत, आयआर (कॅबिनेट आणि माइकचा ठसा असलेली फाइल) लावू नकोस. नुसतं हेड (स्पीकरशिवायचा अ‍ॅम्प) असेल तर आयआर लागेलच. जुन्या लॅपटॉपवर स्टँडर्ड मॉडेल जड गेलं तर लाइट किंवा फेदर घे. प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झवर ठेव, बहुतेक कॅप्चर त्याच दरावर केलेली असतात.

जुना_व्हॉल्व्ह

तुम्ही ट्यूब म्हणता, आम्ही व्हॉल्व्ह म्हणायचो. ईएल८४ आमच्या वेळी रेडिओत असायचा, सीताबर्डीवर सहज मिळायचा. तोच चार नग लावून व्हॉक्सचा एसी३० बनतो हे कळलं तेव्हा मजा वाटली होती.

एक सांगतो, वॉटच्या आकड्याला भुलू नका. दहा वॉट आणि शंभर वॉट यांत फरक दहा डेसिबलचा, म्हणजे कानाला साधारण दुप्पट. म्हणजे पंधरा वॉटचा ट्वीडसुद्धा फाटेपर्यंत वाढवला तर खामल्यातले काकाच काय, सोसायटीचा सेक्रेटरीही खाली येईल. जुन्या मंडळींना तो आवाज स्टुडिओत मोठ्यानेच वाजवून मिळाला. तुम्हाला हेडफोनवर मिळून राहिला, तर कुरकुर कशाची?

पण हवेला ढकलणारा स्पीकर छातीवर जाणवतो, ते प्लगइन देणार नाही. प्लगइन देतं तो माइकने ऐकलेला आवाज. रेकॉर्डिंगला तोच लागतो म्हणा.

मुळाकाठचा

काका, शेवटच्या दोन वाक्यांना शंभर टक्के. लोक प्लगइनची तुलना खोलीतल्या अ‍ॅम्पशी करतात, ती करायला हवी रेकॉर्डवरच्या गिटारशी.

नॅमबद्दल मात्र माझं थोडं वेगळं मत. वाजवता वाजवता नॉब फिरवून आवाज शोधायची ज्यांना सवय आहे त्यांनी कॅप्चरच्या नादी लागू नये. शंभर फाइली उतरवून ऐकत बसतात आणि गाणं तसंच राहतं.

तर्रीबाज

नागपूरकरासाठी खास दोन गोष्टी सांगतो, पुण्यावाल्यांना समजणार नाहीत.

मे महिन्यात कूलर बंद करून रेकॉर्डिंग होत नाही, माणूस उकडून मरते. प्लगइनचा सगळ्यात मोठा फायदा हाच, माइकच नाही त्यामुळे कूलरचा घरघराट रेकॉर्ड होत नाही. पण सिंगल कॉइल पिकअप कूलरच्या मोटरीची गुणगुण पकडतो, ५० हर्ट्झची. कूलरपासून दूर बस आणि गिटार हातात धरून हळूहळू गोल फिर, एका दिशेला गुणगुण एकदम बसते. तिथंच खुर्ची टाक. लॅपटॉपचा चार्जर काढून पहा. पिकअप निवडायच्या स्विचचं दोन आणि चार नंबर बऱ्याच गिटारींत गुणगुण मारतात. नॉइज गेट (हळू आवाज बंद करणारा इफेक्ट) हा अगदी शेवटचा उपाय, नाहीतर हळू छेडलेल्या स्वरांची शेपटी कापून टाकते. तुला तर तेच पाहिजेत ना.

दुसरं, पंचेचाळीस डिग्रीत जुना लॅपटॉप तापला की स्वतःच वेग कमी करतो आणि आवाजात टिकटिक सुरू. प्लगइनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग (जास्त बारकाईने हिशोब करायची सोय, प्रोसेसरवर भार टाकते) असेल तर वाजवताना कमी ठेव, अंतिम रेंडर, म्हणजे गाण्याची फाइल काढताना वाढव. आणि लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर ठेवू नको राजा, ओली हवा आहे ती.

खामलेकर_स्ट्रॅट

कूलरचं एकदम बरोबर. तोंड खिडकीकडे करून बसलो की गुणगुण अर्ध्यावर येते.

नॅमवर एक ट्वीडचं कॅप्चर लावलं, फुल रिग. गेन खाली. हेच पाहिजे होतं! पण छेडल्यावर आवाज जरा उशिरा येतो असं वाटतं. बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती नमुने हाताळतो तो आकडा) ५१२ आहे.

रिव्हर्बवाली

१२८ कर. ४८ किलोहर्ट्झवर १२८ म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत. जाणं-येणं आणि ड्रायव्हर धरून थोडं जास्त होतं. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४-३५ सेंटिमीटर जातो, त्यामुळे एकूण दहा मिलिसेकंद झाले तरी अ‍ॅम्पपासून साडेतीन मीटरवर उभं राहून वाजवल्यासारखं आहे, चालतं. फोकसराइटचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर (उशीर कमी करणारा) निवडला आहेस ना तेही बघ. आणि डायरेक्ट मॉनिटर (गिटार थेट हेडफोनला देणारं स्कारलेटचं बटन) बंद कर, नाहीतर कोरडी गिटार आधी आणि अ‍ॅम्प नंतर, असं दोनदा ऐकू येतं.

खामलेकर_स्ट्रॅट

डायरेक्ट मॉनिटर बंद, बफर १२८. जमलं. शेवटचं एक विचारतो: अ‍ॅम्पसकट रेकॉर्ड करू का कोरडं?

मुळाकाठचा

कोरडं. रीपरमध्ये प्लगइन ट्रॅकच्या एफएक्समध्ये (इफेक्टच्या यादीत) असेल तर ट्रॅकवर कोरडंच उतरतं, ऐकू मात्र अ‍ॅम्पसकट येतं. इनपुट एफएक्समध्ये टाकलं तर अ‍ॅम्प कायमचा छापला जातो. मित्राचा आवाज आल्यावर गिटार जरा स्वच्छ हवी असं नक्की वाटेल, तेव्हा कॅप्चर बदलता येईल. आणि दोन बाजूंना दोन गिटार हव्या असतील तर खरंच दोनदा वाजवा. एकच टेक कॉपी करून डावी-उजवीकडे टाकला तर तो मधेच ऐकू येतो.

तर्रीबाज

आणि झाल्यावर इथं टाक बे, वऱ्हाडीवर ट्वीड कसा वाजते ते ऐकू दे.