अनुभव सांगा : दार पायपुसण्यावर अडकतं तेव्हा

फोंडा

गेल्या चवथीची गोष्ट. काका मूर्ती दोन्ही हातांत धरून उंबऱ्याशी आले, आई तबक घेऊन आत उभी, बाहेर पाऊस. मी दार पूर्ण उघडायला ओढलं आणि ते अर्ध्यावरच थांबलं. आतलं काथ्याचं पायपुसणं दाराखाली गोळा होऊन पाचरीसारखं बसलं होतं. वाकून ओढलं, सुटेना. काकांच्या पाठीवर पागोळ्या पडत होत्या, हातात गणपती. अर्धं मिनिटच गेलं असेल, पण अजून आठवलं की जीव घाबरा होतो.

विसर्जन झाल्यावर सुतार बोलावला. त्याने पाहिलं न पाहिलं, दार उतरवलं आणि खालून अर्धा इंच कापलं. आजोबांनी घरच्याच फणसाच्या लाकडातून करून घेतलेलं दार. कापल्यावर ते सुरळीत फिरायला लागलं, मला बरं वाटलं. पण उन्हाळ्यात त्या फटीतून दोनदा घोण आत आली. आता पाऊस लागल्यावर व्हरांड्यात उडालेलं पाणी सरळ आत येतं. टॉर्च लावून खालून बघितलं तर कापलेली कड तशीच उघडी सोडलेली, लाकूड काळं पडायला लागलंय.

करवत लावायच्या आधी कुणाला तरी विचारायला हवं होतं. गोव्यात घरोघरी पावसाळ्यात हा त्रास असतो, म्हणून इथे विचारते. तुमच्याकडे काय झालं, काय केलंत, ते किती टिकलं? ज्याचा पस्तावा झाला तेही सांगा.

डिचोली

ताई, वाचून वाईट वाटलं. माझे वडील सुतार होते. मी दुसऱ्या धंद्यात गेलो तरी लहानपणी त्यांच्यासोबत पुष्कळ दारं धरून उभा राहिलोय. त्यांचं पहिलं वाक्य असायचं, "आधी दार कुठे घासतंय ते सांग, मग रंधा काढतो."

लाकूड पावसाळ्यात फुगतं हे खरं, पण सगळीकडे सारखं फुगत नाही. रेषांच्या आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. दाराच्या उभ्या पट्ट्यांच्या रेषा वरपासून खालपर्यंत जातात, म्हणून सात फुटी दार पावसात उंचीला वाढलं तरी एखादा मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. रुंदीला मात्र तीन-चार मिलिमीटर सहज वाढतं, अख्ख्या फळ्यांचं दार असेल तर त्याहून जास्त. त्यामुळे कडीच्या बाजूला दार चौकटीत दाटतंय, खांदा लावून ढकलावं लागतंय, तर तो पावसाचा परिणाम. खाली घासतंय, तर बहुतेक वेळा दार कलंडलेलं असतं. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल होतात, दार आपल्याच वजनाने पुढे झुकतं आणि कडीकडचा खालचा कोपरा जमिनीला लागतो.

ओळखायचं कसं? दार बंद करून वरची फट बघा. बिजागरीच्या बाजूला बारीक आणि कडीच्या बाजूला रुंद दिसली तर दार झुकलंय. दुसरी खूण फरशीवर मिळते. दार कलंडलेलं असेल तर घासल्याचा कमानीसारखा ओरखडा फक्त बाहेरच्या कडेचा असतो. नुसतं पायपुसणं जाड असेल तर फरशीवर काहीच नसतं, पायपुसण्याचे केस मात्र एका रेषेत झोपलेले दिसतात.

आणखी एक. वडील पावसात कधीही दाराची बाजू रंधत नसत. अगदीच अडलं तर घासणाऱ्या जागी मेणबत्ती फिरवायचे आणि "दिवाळीनंतर बोलवा" म्हणायचे. भर पावसात रंधलेलं दार एप्रिलमध्ये सुकतं आणि कडी कोयंड्यात बसेनाशी होते.

तुमच्या दाराची वरची फट कशी आहे ते बघून सांगाल का?

म्हापसा

आमचा अनुभव छोटा आहे. दाराला हातही लावला नाही, पायपुसणं बदललं.

पूर्वी डोळ्यांना बरं दिसलं की घ्यायचो, आता मापून घेतो. साधी पेन्सिल साधारण सात मिलिमीटर जाड असते. दार उघडं ठेवून ती खालून सरकवायची. जेमतेम जात असेल तर पाच मिलिमीटरच्या वरचं काही घ्यायचं नाही. बाजारात चांगलं दिसणारं काथ्याचं पायपुसणं पंधरा मिलिमीटर किंवा त्याहून जाड असतं, ते आत चालणारच नाही. शुक्रवारच्या बाजारात मी पेन्सिल सोबत नेते आणि पायपुसण्याच्या कडेला लावून बघते. विकणाऱ्या बाईंनाही आता माहीत झालंय.

फक्त एक त्रुटी आहे. पातळ पायपुसण्याने आमची तांबडी माती नीट निघत नाही. म्हणून बाहेर जाड काथ्याचं आणि आत पातळ, अशी दोन ठेवली आहेत.

वास्को

डिचोलीच्या दादांनी लिहिलंय तेच आमच्याकडे झालं. समुद्र जवळ, पाचवा मजला, वारा खारट. बिल्डरने लावलेले लोखंडी स्क्रू सहा-सात वर्षांत गंजले. वरच्या बिजागरीचा एक स्क्रू मी बोटांनीच फिरवून बाहेर काढला. त्याला आटे उरलेच नव्हते, नुसती तपकिरी काडी. भोकातून लाकडाचा भुगा पडला.

दुरुस्ती मी स्वतः केली, म्हणून सविस्तर लिहितो. दार उघडून कडीच्या बाजूला खाली दोन मासिकं आणि वर पुठ्ठ्याचे तुकडे सारून टेकू दिला, म्हणजे दाराचं वजन बिजागरीवर येत नाही. खालच्या दोन बिजागऱ्या तशाच ठेवून फक्त वरची सोडवली. भोकं स्क्रूड्रायव्हरने खरवडून साफ केली. बांबूच्या काड्या सोलून भोकात घट्ट बसतील अशा केल्या, फेविकॉलमध्ये बुडवून ठोकल्या आणि एक रात्र सुकू दिलं. घाई केली तर काडी स्क्रूबरोबर गरगर फिरते, पहिल्यांदा माझं तेच झालं. सकाळी काड्या चौकटीच्या सपाटीला कापल्या, मधोमध बारीक भोक पाडलं आणि पूर्वीपेक्षा अर्धा इंच लांब, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावले. दार पुन्हा जागेवर गेलं. त्याला तीन पावसाळे झाले.

मडगाव

आमच्याकडे चूक दाराचीही नव्हती आणि पायपुसण्याचीही नव्हती. जुनी मोझॅइक न उखडता आम्ही वरून टाइल्स बसवल्या. टाइल आणि खालचा गिलावा मिळून जमीन पाऊण इंच वर आली. टाइल्स लावणाऱ्याने दारं उतरवून ठेवली होती, परत बसवायला गेलो तर एकही बसेना.

इथे कापण्यावाचून इलाज नव्हता, पण फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही बाजूंनी प्लाय लावलेलं सपाट दार, कापताना दोन गोष्टी सांभाळा. खालच्या कडेला आत भरीव लाकडाची पट्टी असते, तिच्या वर आत पोकळी किंवा भरणा असतो. पट्टी संपेपर्यंत कापलंत तर दार खालून उघडं पडतं. आणि करवतीने वरचा पातळ थर उचकटतो. आमच्या सुताराने रेषेवर कागदी चिकटपट्टी लावली, पट्टीवरून धारदार सुरी दोनदा ओढली आणि मगच बारीक दाताची करवत चालवली. कड अगदी स्वच्छ आली. लगेच खालच्या कडेला दोन हात प्रायमर आणि वर ऑइल पेंट. न्हाणीघराच्या दाराची ती कड राहून गेली होती. पुढच्याच पावसाळ्यात प्लायचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटले.

फोंड्याच्या ताई, तुमच्या दाराची खालची कड आजच बघा. पाऊस थांबायची वाट पाहू नका. आतून कोरडी करा आणि निदान प्रायमरचा एक हात लावून घ्या.

पणजी

मला दाराबद्दल फार कळत नाही, तरी लिहायला हवं असं वाटलं.

बाबा अठ्ठ्याहत्तरचे. सकाळी दूध घ्यायला दार उघडायचे. दारामुळे पायपुसण्याची एक कड रोज वर दुमडायची आणि येता-जाता आम्ही ती पायाने सरळ करायचो. महिनोन् महिने. एके दिवशी बाबांचा पाय त्या दुमडलेल्या कडेत अडकला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन चालतात, पण पहिल्यासारखं नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात दाराच्या फेऱ्यात काहीही पसरायचं नाही. दार जिथवर फिरतं त्याच्या पलीकडे, भिंतीलगत, खाली रबर असलेलं आणि न सरकणारं पायपुसणं आहे. दारात फक्त फरशी. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी कृपा करून अडकणारं पायपुसणं "बघू नंतर" म्हणून ठेवू नका.

वाळपई

पणजीच्या ताईंचं वाचून मी उठलो आणि आमचं पायपुसणं आधी बाजूला केलं. बाबांना लवकर बरं वाटो.

आमचं घर जुनं, चिऱ्याचं. दार दोन फळ्यांचं, उंबरा सहा इंच उंच. पूर्वी हा त्रासच नव्हता. दार आत उघडतं, गोणपाट बाहेर ओटीवर असायचं आणि पाय धुऊनच आत यायची रीत. माझ्या आठवणीप्रमाणे आत काही अंथरायला आम्ही नंतर लागलो. पावसात बाहेरचं गोणपाट भिजायचं म्हणून ते आत घेतलं गेलं आणि दाराच्या वाटेत आलं. आता बाहेरच ठेवायचं म्हणून ओटीवर पत्र्याची लहान पडवी काढली आहे. दाराला हात लावावा लागला नाही.

दुसरं म्हणजे, ओलं पायपुसणं चौकटीला टेकवून ठेवू नका. आमच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग तसाच कुजला आणि मग वाळवी लागली.

काणकोण

फट थोडीच कमी पडत असेल तर बिजागरी बघा. जुन्या खिडक्या-दारांना दोन तुकड्यांची, दार उचलून काढता येणारी बिजागरी असते. तिच्या खिळ्यात पितळेचा वायसर घातला की दार तेवढं वर येतं. आम्ही तिन्ही बिजागऱ्यांत दोन-दोन मिलिमीटरचा एकेक घातला. आधी वरची फट मात्र मोजा, नाहीतर खाली सुटेल आणि वर अडकेल. दार फिरताना आपोआप वर चढणारी बिजागरीही मिळते. ती लावली तर दार सोडलं की स्वतःच मिटतं, आणि वारा असेल तर जोरात आपटतं. म्हणून आम्ही ती काढली.

फोंडा

सगळ्यांचे मनापासून आभार. पणजीच्या ताई, तुमचं आईला वाचून दाखवलं. तिने तेव्हाच पायपुसणं उचलून बाहेर ठेवलं.

डिचोलीच्या दादा, वरची फट बघितली. बिजागरीकडे पोस्टकार्ड जाईना आणि कडीकडे माझी करंगळी जात होती. म्हणजे दार झुकलेलंच होतं. वरच्या बिजागरीचे चारपैकी दोन स्क्रू नुसते अडकलेले निघाले. गेल्या वर्षी हे कुणी बघितलं असतं तर आजोबांच्या दाराला करवत लागली नसती.

या वेळी दुसरे मेस्त्री आले, वयस्क आहेत. त्यांना सगळं वाचून दाखवलं, ते शांतपणे ऐकत होते. आधी बिजागरी पक्की केली, वास्कोच्या दादांसारखीच, पण बांबूऐवजी सागाच्या खुंट्या ठोकल्या. दार कडीकडे थोडं उचललं गेलं. मग खालची काळी पडलेली कड घासून दोन दिवस पंख्यापुढे सुकवली आणि फणसाचीच पट्टी तासून खाली बसवली, डिंक आणि आतून स्क्रू. आठ मिलिमीटर जाड, म्हणजे कापलेलं बरंचसं परत आलं. पट्टीचा रंग अजून पिवळाधमक आहे, दार जुनं तांबूस. "दोन-तीन वर्षांत ओळखू येणार नाही," म्हणाले. बसवण्याआधी पट्टीला चारही बाजूंनी पॉलिश दिलं.

आता दाराखालून पेन्सिल घसटून जाते. काथ्याचं पायपुसणं व्हरांड्यात, आत दाराच्या फेऱ्याबाहेर पातळ कापडी. काल काका आले होते. मी त्यांच्या दोन्ही हातांत पाट दिला, आईला आत उभं केलं आणि दार उघडलं. ते भिंतीला जाऊन टेकलं.