पोतदार, पोद्दार, पोदार, फोतेदार : आडनावे चार, शब्द किती?

शंकासुर :
‘पोतदार’ या आडनावाचा उगम हवा आहे. एका ठिकाणी ‘पोत म्हणजे जहाज, पोतदार म्हणजे जहाजाचा मालक’ असे वाचले. दुसरीकडे ‘कापडाचा पोत पारखणारा तो पोतदार’. तिसरीकडे ‘गोंधळात देवीचा पोत धरणारा’. तिन्ही खरे असणे शक्य नाही. शिवाय मारवाड्यांतले पोद्दार, माटुंग्याच्या कॉलेजचे पोदार आणि काश्मिरी फोतेदार यांचा आपल्या पोतदारांशी काही संबंध आहे का, की नुसता उच्चार जवळचा?

कोशकिडा :
तिन्ही खोटे. संस्कृत ‘पोत’ म्हणजे जहाज हे खरे, पण त्याला फारसी ‘दार’ लावून अधिकारपद झाल्याचे उदाहरण दाखवा म्हणावे. ‘दार’ म्हणजे धारण करणारा, बाळगणारा : सुभेदार, फौजदार, इनामदार, जहागीरदार. यांत ‘दार’च्या आधीचा शब्द बहुतेक फारसी-अरबीच असतो. पोतदारातही तसेच आहे. मूळ फारसी शब्द ‘फोतादार’. ‘फोता’ म्हणजे पैशांची थैली, त्यावरून सरकारी वसूल, आणि त्यावरून खजिना. थैली सांभाळणारा तो फोतादार. आइन-इ-अकबरीत खजिनदाराला चालू बोलीत ‘फोतादार’ म्हणतात असा उल्लेख आहे.

मराठीत फोताचे ‘पोते’ झाले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘पोते’ला धान्याच्या गोणीसोबत सरकारी खजिना हाही अर्थ आहे आणि ‘पोतदार’पुढे खजिन्यात येणारा पैसा पारखणारा अधिकारी असा अर्थ दिला आहे. ‘पोतेचाल’ हाही त्याच घरातला शब्द : खजिन्यात चालणारे नाणे किंवा त्याचा दर.

म्हणजे तुमच्या यादीतली चारही आडनावे एकाच शब्दाची रूपे आहेत. घराणी मात्र एक नाहीत. ‘कुलकर्णी’ आडनावाची सगळी माणसे भाऊबंद नसतात, तसेच हे.

अनुस्वार :
फ चा प कसा झाला? फौजदाराचा पौजदार झाला नाही, फडणीसाचा पडणीस झाला नाही. मग फोत्याचेच पोते का?

कोशकिडा :
प्रश्न रास्त आहे. मला पटणारे उत्तर असे की मराठीत ‘पोते’ हा देशी शब्द आधीपासून होता. प्राकृत ‘पोत्त’ म्हणजे कापड. त्यातूनच कापडाचा ‘पोत’, गोणीचे ‘पोते’, ‘पोतडी’ आणि चूल सारवायचे ‘पोतेरे’. पैशाची थैलीही कापडाचीच. फारसी फोता इथे आला तेव्हा त्याला आयता जुळा मिळाला आणि परक्या फ ने घरचा प घेतला. फौजेला असा जुळा नव्हता.

गंमत पुढेच आहे. अरबी कोशकार ‘फूता’ म्हणजे सिंधकडून येणारे जाडेभरडे, कमरेला गुंडाळायचे कापड असे सांगतात. म्हणजे इथलेच कापड नाव घेऊन तिकडे गेले आणि खजिन्याची थैली होऊन परत आले, अशी दाट शक्यता आहे. तसे असेल तर ‘कापडाचा पोत’वाले अगदीच हवेत बोलत नव्हते, फक्त मधले दोन मुक्काम गाळत होते. देवीचा पोत म्हणजे पेटता पलिता. त्याचा या पदाशी काही संबंध नाही.

मोडीवाला :
‘पोद्दार’ची व्युत्पत्ती तर सोपी आहे. ‘पोतदार’ मोठ्याने म्हणा. त मधला अ आपण उच्चारतच नाही : पोत्‌दार. त्‌ पुढे द आला की जीभ द्‌ कडेच जाते : पोद्‌दार. उत्तरेत आणि बंगालात लोकांनी जसे म्हटले तसे लिहिले, मराठीने लिखाणात त राखला. पोदार हे त्याच पोद्दाराचे एका द ने हलके झालेले रूप. काश्मिरी पंडितांच्या ‘फोतेदार’मध्ये मूळचा फ शाबूत राहिला. इंदिरा गांधींचे राजकीय सचिव माखनलाल फोतेदार हे त्यातले सर्वांना ठाऊक असलेले नाव.

लिहिताना घोळ होतो तो इथे. मराठी वर्तमानपत्रे पोतदार, पोद्दार, पोदार ही तिन्ही रूपे एकमेकांच्या जागी वापरतात. धोरण साधे ठेवावे, ज्याचे नाव तो लिहितो तसे :

महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार (१८९०–१९७९) : त सह. इतिहास संशोधक, १९३९च्या नगर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू.
हनुमानप्रसाद पोद्दार (१८९२–१९७१) : द्द. गोरखपूरच्या गीता प्रेसच्या ‘कल्याण’चे संपादक.
माटुंग्याचे रा. आ. पोदार वाणिज्य महाविद्यालय (१९४१) आणि वरळीचे पोदार आयुर्वेद महाविद्यालय : एकच द. राजस्थानातल्या नवलगडची पोदार हवेलीही एकाच द ची.
कोलकात्यातले पोद्दार कोर्ट : द्द.

उलटा घोळ रोमन लिपीतून येतो. त आणि ट यांना तिथे एकच अक्षर, द आणि ड यांनाही एकच. त्यामुळे हिंदी बातम्यांत आपले पोतदार ‘पोटदार’ किंवा ‘पोटडर’ होतात. मराठीत ‘पोट’ आधीच असल्यामुळे ते जास्तच बोचते.

शंकासुर :
पोतदार नक्की करायचा काय? ‘खजिनदार’ म्हणायचे तर पोतनीस कोण, आणि जामदार कोण?

काटातोल :
तिघांची कामे वेगळी. पोतनीस (पोते + नवीस, म्हणजे लिहिणारा) रोकड आणि तिचा हिशेब ठेवी. जामदाराकडे जामदारखाना, म्हणजे मौल्यवान वस्त्रे, जडजवाहीर. पोतदार नाणे पारखी. ही पारख नसती तर पोतनिसाच्या आकड्याला अर्थ नव्हता, कारण अठराव्या शतकात ‘रुपया’ म्हणजे एक नाणे नव्हतेच. अंकुशी, चांदवडी, सुरती, हाली सिक्का, शिवाय दरेकाच्या वेगवेगळ्या सालांच्या छापा. प्रत्येकात चांदी वेगळी, झीज वेगळी. चांगला रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा.

पारखण्याच्या पायऱ्या अशा, आणि प्रत्येक पायरी कुठे फसते तेही सांगतो.

पहिले वजन. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पत्रा चढवलेला असेल तर त्याच आकाराचे नाणे सुमारे १५ टक्के हलके भरते, कारण तांब्याची घनता ८.९६ आणि चांदीची १०.५. साडेअकराच्या जागी पावणेदहाच्या आसपास. हे काट्यावर लगेच कळते. पण शिसे चांदीहून जड आहे (११.३). तांबे आणि शिसे बेतात मिसळले की वजन बरोबर जमते. म्हणून नुसत्या काट्यावर विसंबणारा पोतदार नवशिका.

दुसरा नाद. दगडी फरशीवर टाकले की चांगली चांदी लांब, स्वच्छ वाजते. शिशाचे नाणे ‘टप्‌’ करून गप्प बसते. पोखरून आत शिसे भरलेले नाणेही इथेच सापडते. मात्र तडा गेलेले किंवा सराफांनी टोचे मारमारून चाळण केलेले नाणे अस्सल असूनही बद्द वाजते. तेव्हा नाद चांगला तर नाणे बहुधा चांगले. नाद वाईट म्हणून नाणे खोटे ठरत नाही, ते पुढच्या पायरीला जाते.

तिसरी कसोटी. काळ्या दगडावर नाण्याची रेघ, तिच्या शेजारी ठाऊक कसाच्या (शुद्धतेच्या) सळईची रेघ, आणि रंग ताडून पाहायचा. सोन्याला हे उत्तम जमते. चांदीत फरक बारीक असतो, तांबे बरेच झाले तरच रेघ तांबूस दिसते. रेघ हलकी ओढली तर फक्त वरच्या पत्र्याचा कस कळतो, म्हणून आधी कडेला थोडे घासून आतला धातू उघडा करतात.

तरीही वाद राहिला तर शेवटचा उपाय आटणी : नाणे शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या मुशीत तापवायचे. शिसे आणि हीण राखेत जिरते, चांदीचा मणी उरतो, तो तोलायचा. उत्तर पक्के मिळते, पण नाणे जाते. म्हणून नमुन्यापुरतेच.

अनुस्वार :
आणि बट्टा? तो पोतदारच ठरवायचा ना?

काटातोल :
कस पाहून तोच सांगे. बट्टा म्हणजे हिणकस किंवा परमुलखातल्या नाण्याच्या दर्शनी किमतीतून केलेली वजावट. यात आजही लोक चुकतात. सोयीसाठी आकडे धरू : देणे १०,००० आणि नाण्याला बट्टा शेकडा ८. पुष्कळजण १०,००० ला ८०० जोडून १०,८०० नाणी मोजतात. पण प्रत्येक नाणे ९२ टक्क्यांचेच, म्हणजे भरणा झाला ९,९३६. तूट ६४. बरोबर हिशेब म्हणजे १०,००० भागिले ०.९२, म्हणजे १०,८७० नाणी. वजावट नाण्यावर आहे, देण्यावर नाही. कागदात ६४ची तूट दिसली की लगेच अफरातफर म्हणू नये, आधी बट्टा कशावर धरलाय ते पाहावे.

१८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखात १८० ग्रेन वजनाचा, बारापैकी अकरा भाग चांदीचा एकसारखा रुपया काढला. जुनी नाणी हळूहळू मागे पडली आणि त्यांच्याबरोबर पारखण्याची गरजही. धंदा संपला, आडनाव राहिले.

शंकासुर :
म्हणजे पोतदार सगळे सोनार?

मोडीवाला :
नाही. गावपातळीवर पारख बहुधा गावच्या सोनाराकडे असे, मोल्सवर्थही ती जोड देतो. पण पोतदारी हे पद होते. सरकारी खजिन्यावर, कसब्याच्या पेठेत, संस्थानात ते इतरांकडेही गेले. आज हे आडनाव सोनारांत आहे, ब्राह्मणांत आहे. आडनावावरून जात ओळखायला जाणारा इथे हमखास तोंडघशी पडतो. बंगालात आणि मारवाडातही पोद्दार मुळात धंद्याचे नाव.

जुने कागद पाहणाऱ्यांसाठी : ‘पोतदार’ दिसले म्हणून आडनाव समजू नका. ‘अमुक बिन (म्हणजे मुलगा) तमुक पोतदार कसबे मजकूर (म्हणजे वर सांगितलेला कसबा)’ अशी मांडणी असेल, म्हणजे लगेच पुढे गावाचे नाव किंवा ‘मजकूर’ असेल, तर ते पद. यादीत शेजारी त्याचा हक्क किंवा लाजिमा (पदाबद्दलचे ठरीव देणे) लावलेला असेल तर ते पदच. वीस-तीस वर्षांच्या कागदांत पद तेच आणि घराणे बदललेले दिसले, तर वंशावळीत ती माणसे एकाखाली एक लावू नका. शोधताना पोतदार, पोतेदार, पोद्दार ही रूपे तर पाहाच, सूचीत फ खालीही एक नजर टाका.

सालाचीही काळजी घ्या. सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतले, अरबी संख्यानामांत लिहिलेले साल) असेल तर इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ‘सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७०, इसवी १७६९–७०. सरसकट ६०० मिळवले की अर्ध्या वर्षातले कागद एका सालाने पुढे सरकतात आणि बाप-लेक दोघेही एकाच वेळी पोतदार दिसू लागतात.

अनुस्वार :
याच कामाची दुसरी आडनावे?

कोशकिडा :
पारख, पारखी, पारेख : संस्कृत परीक्षकवरून. सराफ : अरबी सर्राफवरून. त्याचेच इंग्रजी तोंडातून फिरून आलेले रूप श्रॉफ. काम शेजारचे, शब्द निराळे. पोतदारांशी यांचे नाते अर्थाचे, फोतेदारांशी शब्दाचे.

आणि बंगालीने या पदाची एक म्हण जपली आहे : ‘परेर धने पोद्दारि’. दुसऱ्याच्या धनावर पोद्दारकी, म्हणजे लोकांच्या पैशावर उदारपणा मिरवणे. पोतदाराच्या हातून दिवसभर पैसा जातो आणि त्यातला एकही त्याचा नसतो, हे त्यांना बरोबर दिसले.

शंकासुर :
आपल्याकडे त्याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

कोशकिडा :
हो, तेच. फक्त आपण हलवायाला मध्ये घातले, त्यांनी थेट पोतदारालाच पकडले.