रक्तातलं प्लास्टिक आणि मंडळाचा महाप्रसाद: ठराव मांडू की नको?

विश्रामबागकर

यंदा आमच्या गणेश मंडळाच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे. महाप्रसादाच्या दिवशी चहा कागदी कपातून द्यायचा नाही, आणि घरी नेणाऱ्यांना उकळती आमटी पातळ पिशवीत भरून द्यायची नाही. बचत गटाकडून स्टीलची ताटं, वाट्या, पेले भाड्यानं आणायचे. ज्याला घरी न्यायचं असेल त्यानं डबा आणायचा. विरोध होणार हे ठाऊक आहे. तो बैठकीच्या आधी इथंच ऐकावा म्हणून हा धागा काढलाय.

माझं म्हणणं असं. कागदी कप नुसत्या कागदाचा नसतो. आतून प्लास्टिकचा पातळ थर नसता तर चहा झिरपून हातावर आला असता. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये अशा कपांत १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं, तेव्हा त्यात प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरले. पोटात गेलेले कण तसेच बाहेर पडतात, असं आपण इतकी वर्षं धरून चाललो. २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये २२ रक्तदात्यांचं रक्त तपासलं, तर १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक निघालं. त्याआधी इटलीत बाळंतिणींच्या वारेत ते सापडलं होतं. २०२४ मध्ये इटलीतल्याच डॉक्टरांनी मानेच्या धमनीतून शस्त्रक्रियेनं काढलेला मेदाचा थर तपासला. २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथिन होतं. पुढच्या जवळपास तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका या रुग्णांत इतरांच्या साडेचार पट निघाला.

एवढं कळल्यावर जे स्वस्त आणि सोपं आहे ते आजच करायला काय हरकत आहे? हवेतली धूळ, टायरची झीज, कपड्यांचे धागे माझ्या हातात नाहीत. प्रसादाची आमटी कशात वाढायची, ते आहे.

मिरजेचा डॉक्टर

ताई, ठराव जरूर मांडा, पण इटलीच्या अभ्यासाच्या जोरावर मांडू नका. तो वाचलेला कुणी बैठकीत निघाला तर तुमचीच बाजू लंगडी पडेल. ज्यांच्या थरात प्लास्टिक सापडलं, त्यांच्यात मधुमेह, हृदयविकार आणि धूम्रपान मुळातच जास्त होतं. हिशेब करताना असे फरक वजा करतात, तरी सगळे निघून जात नाहीत. प्लास्टिकमुळेच झटका आला, असं त्या डॉक्टरांनीही म्हटलेलं नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीत हातमोज्यांपासून नळ्यांपर्यंत सगळं कृत्रिम. नमुन्यात बाहेरून कण शिरण्याची अडचण या संपूर्ण संशोधनाला आहे. २०२५ मध्ये मेंदूत प्लास्टिक सापडल्याची बातमी गाजली. त्या पद्धतीत नमुना प्रचंड तापवून निघणाऱ्या वायूंवरून प्लास्टिक ओळखतात, आणि मेंदूतली चरबी तापली की पॉलिथिनसारखेच वायू निघतात, अशी हरकत इतर शास्त्रज्ञांनी घेतली. आठवड्याला पाच ग्रॅम, म्हणजे एटीएम कार्डाएवढं प्लास्टिक आपण खातो, हा २०१९ चा आकडा तर अजून मोबाईलवर फिरतोय. नंतरच्या हिशेबांत तो हजारो पटींनी कमी भरला.

मला काळजी आहे ती वेगळीच. रक्त 'स्वच्छ' करायची पावडर घेऊ का, असं लोक विचारायला लागलेत. विचारणाऱ्यानं रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केलेली असते. तंबाखू, चुलीचा धूर, जेवणातलं मीठ यांनी माणसं मरतात, याचा पुरावा ढीगभर आहे. शिवाय प्लास्टिकनं जीवही वाचवलेत. रक्ताच्या पिशवीचं प्लास्टिक मऊ ठेवणाऱ्या ज्या थॅलेट रसायनाला आपण नावं ठेवतो, त्याच्यामुळेच तांबड्या पेशी कमी फुटतात आणि रक्त जास्त दिवस टिकतं.

केटरिंगवाला, माधवनगर

डॉक्टरांनी बरं केलं बोलले ते. २०१८ ला सरकारनं थर्माकोलच्या ताटांवर बंदी आणली, आम्ही गपगुमान कागदावर आलो. आता कागदही वाईट म्हणता. स्टील भाड्यानं मिळतं हो ताई, पण धुणार कोण? मोठ्या पंगतीत एकाच बादलीत ताटं बुचकळून पुढच्या माणसाला देतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यातून कावीळ पसरली तर लोक केटररच्या दारात येतात. २०१९ च्या महापुरात छावण्यांतून जेवण गेलं, तेव्हा पिण्याच्या पाण्याचीच मारामार होती. वापरून टाकायची ताटं नसती तर काय केलं असतं? दिसत नसलेल्या कणांसाठी दिसणारा आजार ओढवून घेऊ नका, एवढंच सांगणं आहे.

कास रोड

साताऱ्याहून लिहिते. रसायनशास्त्र शिकवते, म्हणून डॉक्टरांच्या एका मुद्द्याला कडाडून विरोध करते. तुम्ही नुसत्या कणांवर बोललात. प्लास्टिक म्हणजे फक्त कण नव्हे. ते मऊ राहावं, उन्हात तडकू नये, पेटू नये म्हणून त्यात रसायनं मिसळतात. प्लास्टिकशी संबंधित १६ हजारांहून जास्त रसायनांची यादी २०२४ मध्ये निघाली. त्यातली ४,२०० हून अधिक चिंताजनक गणली गेली. कण रक्तात किती, यावर वाद घाला. कडक प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल ए हे रसायन लघवीत सापडतं यावर आता कुणी वाद घालत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये त्याची रोजची सुरक्षित मर्यादा २० हजार पटींनी खाली आणली, आणि तिथं अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत ते वापरायला बंदीही झाली. आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या बाटल्यांपुरता नियम आहे. बाळ मोठं होऊन डबा घेऊन शाळेत गेलं की नियम संपला.

यातली चांगली बाजू कुणी सांगत नाही. बिस्फेनॉल आणि थॅलेट शरीरातून एकदोन दिवसांत लघवीवाटे निघून जातात. ती आपल्यात कायम असतात, कारण आपण ती रोज नव्यानं घेतो. घेणं कमी केलं की पातळी उतरते. त्यासाठी पावडर लागत नाही, डबा बदलावा लागतो. आणि थॅलेट प्लास्टिकला चिकटून बसलेलं नसतं. गरम आणि तेलकट पदार्थ ते सहज ओढून घेतो. तर्री आलेली आमटी पिशवीत भरणं हे रसायनशास्त्राच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट.

उलट पाणी आणि तेल चिकटू न देण्यासाठी वापरतात ती पीएफएएस नावाची रसायनं शरीरातून निघायला वर्षं लागतात. त्यातल्या पीएफओएला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०२३ मध्ये कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं. इटलीत विचेन्झाजवळ अशी रसायनं करणाऱ्या कारखान्यानं लाखो लोकांच्या पिण्याचं भूजल नासवलं. २०२५ मध्ये तिथल्या कोर्टानं ११ जणांना शिक्षा केली. त्या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रं कोकणातल्या लोटे परशुरामच्या एमआयडीसीत आलीत. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि पुढं लोटे. हे आपल्या अंगणातलं आहे.

आणि पुराव्याची वाट बघण्याबद्दल एकच सांगते. पेट्रोलमध्ये शिसं घालायला लागले तेव्हा, १९२० च्या दशकातच, कारखान्यातले कामगार वेडेपिसे होऊन मेले होते. भारतात ते २००० साली बंद झालं. मधल्या पिढ्यांच्या मुलांनी तो धूर घेतला.

बागायतदार, तासगाव

डॉक्टर, मॅडम, दोघांचंबी वाचलं. माझी द्राक्षबाग हाय, तवा औषधाचं मला शिकवू नका. २०१० ला आमचा माल युरोपनं अडवला, सीसीसी ह्या वेलीची वाढ रोखायच्या औषधाचा अंश सापडला म्हणून. तोवर ते औषध आमच्याकडं सगळीच मारत होती, कुणी काय म्हणत न्हवतं. दर पडला, पोरांच्या डोळ्यात पाणी आलं, आन मग सगळी यंत्रणा जागी झाली. आता निर्यातीच्या प्लॉटचा नमुना गेल्याशिवाय, रिपोर्ट आल्याशिवाय कंटेनर हलत न्हाय. रेसिड्यू, म्हंजी औषधाचा उरलेला अंश, दहा लाखात किती भाग, हे मोजून मिळतं. ही सगळी मोजणी कुणासाठी? तिकडच्या माणसासाठी. मार्केट यार्डात जो माल आपली माणसं खात्यात, त्याचा नमुना कोण काढतं?

प्लास्टिकचंबी तसंच होणार. २०२४ ला दिल्लीच्या एका संस्थेनं दहा मिठं आन पाच साखरा तपासल्या, सगळ्यात कण निघालं. आपला जिल्हा साखरेचा. कुठल्या कारखान्यानं त्यानंतर पोतं बदललं, चाळणी बदलली, ऐकलंय का?

पर ताई, माझ्या रानात माती झाकायचा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर हाय, ठिबकच्या नळ्या हायत्या, बागंवर कव्हर हाय. फाटलेला पेपर कितीबी वेचला तरी रोटर मारला की तुकडं मातीत जात्यात, ते मला दिसतंय आन मनाला लागतंय. तरी सोडू शकत न्हाय. ठिबक काढलं तर पाणी पुरत न्हाय, बाग वाळती. तवा प्लास्टिक बंद करा असं सरसकट बोलणाऱ्याला माझा विरोध. फाटलेला पेपर गोळा करून घ्यायची जबाबदारी विकणाऱ्यावर टाका, मग मी तुमच्यासंगं उभा राहतो.

जत पूर्व भाग

सांगलीत कृष्णा वाहते, म्हणून तुम्हाला स्टील सुचतं. आमच्या पट्ट्यात उन्हाळ्यात यात्रा असते आणि पिण्याचं पाणीच टँकरनं येतं. पाचशे ताटं धुवायची म्हणजे एका वस्तीचं पाणी. पळसाच्या पत्रावळी लावा, वापरून खड्ड्यात टाका, हा आमच्या आजोबांपासूनचा मार्ग आहे. फक्त बाजारातले चकचकीत रुपेरी द्रोण आणू नका. त्यांनाही आतून प्लास्टिकच लावलेलं असतं. कागदी कपाचा आणि त्यांचा प्रश्न एकच.

आणखी एक. आमच्याकडं चूल पेटवायला अजूनही पिशव्या वापरतात, उसाच्या फडाच्या बांधावर नळ्या जाळतात. पीव्हीसी प्लास्टिक जळताना डायऑक्सिन हे विष निघतं. कपातल्या कणांवर इतकी चर्चा चाललीय, त्या धुरावर कुणी ठराव मांडत नाही.

मिरजेचा डॉक्टर

जतकरांचा मुद्दा माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा. त्या धुराच्या समोर बसलेल्या बाईला आणि तिच्या मुलाला होणारा त्रास मोजायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

मॅडम, शिशाचं उदाहरण योग्य, पण ते माझ्याही बाजूचं आहे. मुलांच्या रक्तातलं शिसं मोजता यायला लागलं, किती पातळीला बुद्धीवर किती परिणाम, हे आकड्यांत दाखवता आलं, म्हणून ती लढाई जिंकता आली. सूक्ष्मकणांबाबत ती मोजपट्टीच अजून पक्की नाही. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यातल्या कणांवर अहवाल दिला, तेव्हा आजच्या पातळीला धोका आहे म्हणण्याइतका पुरावा नाही, संशोधन वाढवा, हेच सांगितलं. पुरावा नाही म्हणजे धोका नाही, असं मी म्हणत नाही. पण रुग्णाला काय सांगायचं ते मला पुराव्यावरूनच ठरवावं लागतं.

बिस्फेनॉल-थॅलेटबद्दल मात्र मॅडमशी माझं दुमत नाही. बाटलीनं दूध पाजणाऱ्या आयांना मी स्वतः सांगतो: पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळा, पावडर काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात कालवा, निवल्यावरच बाटलीत ओता. डब्लिनच्या संशोधकांनी २०२० मध्ये पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या दुधाच्या बाटल्या तपासल्या तेव्हा एका लिटरमागं १ कोटी ६० लाखांपर्यंत कण निघाले, आणि पाणी जितकं गरम तितके ते वाढत गेले. बाळाच्या बाबतीत मी पुराव्याची वाट बघत नाही. मोठ्यांच्या चहाला तोच न्याय लावा म्हटलं तर मी अडणार नाही. फक्त 'कपामुळे झटका येतो' हे वाक्य ठरावात नको.

कुपवाड एमआयडीसी

आमच्याकडं बोरचं पाणी जड आहे, भांड्याला पांढरा थर बसतो. २०२४ मध्ये चीनमधल्या ग्वांगझोच्या संशोधकांनी दाखवलं की जड पाणी उकळलं की तोच क्षार कणांभोवती बसतो आणि गाळून घेतला की कणही जातात. खूप जड पाण्यात ९० टक्क्यांपर्यंत. उकळून, निववून, गाळायचं. वीस लिटरचा जार विकत आणण्यापेक्षा हे बरं. त्याच वर्षी अमेरिकेत बाटलीबंद पाण्याच्या लिटरमागं सरासरी २ लाख ४० हजार कण मोजले गेलेत.

विश्रामबागकर

डॉक्टर, झटक्याचं वाक्य ठरावात नसेल. पण चहाचं मी सोडणार नाही. तुम्ही आईला जे सांगता तेच मी मंडळाला सांगतेय: गरम पदार्थ आणि प्लास्टिक एकत्र नको. आजार सिद्ध झाला की थांबू, असं म्हणण्यात आपली मुलं ही प्रयोगाची जनावरं होतात, आणि ते मला मान्य नाही.

माधवनगरच्या दादांची धुण्याची शंका खरी आहे. तीन घंगाळी ठेवायची: साबणाचं, साध्या पाण्याचं आणि शेवटी उकळत्या पाण्याचं. बचत गटाच्या बायकांना त्याची वेगळी मजुरी द्यायची, फुकटात राबवून घ्यायचं नाही. पाणी मंडळानं आधी भरून ठेवायचं. जतसारख्या ठिकाणी पळसाची पत्रावळ, यात वादच नाही.

केटरिंगवाला, माधवनगर

पिशवीत गरम भरणं मी आजपासून बंद करतो, त्यात माझंही काही अडत नाही. तर्रीचं वाचून अंगावर काटा आला. कपाचं मात्र उकळत्या पाण्याचं घंगाळं आणि धुणारी माणसं दिसली तरच. ती नसतील तर मी कागदी कपच आणणार, आणि बैठकीत येऊन तसं बोलणार.

बागायतदार, तासगाव

माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं न्हाय. द्राक्षाचा रेसिड्यू तपासायला पुण्याच्या द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय प्रयोगशाळा हाय. माझ्या घरच्या पाण्यात, मिठात, साखरेत प्लास्टिक किती हाय, ते मोजायला मी कुठं जाऊ?

मिरजेचा डॉक्टर

काका, सांगलीत मी कुणाला पाठवावं अशी सोय आज माझ्या माहितीत नाही. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२४ मध्ये लखनौ, कोची आणि पिलानीच्या संस्थांना बरोबर घेऊन खाण्यातले असे कण मोजायची पद्धत ठरवायचं काम सुरू केलंय. पद्धत ठरली की मर्यादा ठरेल. तुमच्या द्राक्षाला मागं युरोपचा गिऱ्हाईक उभा होता. इथं तो दट्ट्या आपल्यालाच लावावा लागेल. तुम्ही बागायतदार संघातर्फे जिल्हाधिकाऱ्यांना साखर आणि मिठाच्या तपासणीचं निवेदन देणार असाल, तर सही करायला मी येतो.