सुपरहिरोंच्या टोळीत प्रभावळकर म्हणजे काठीवाले आजोबा? अजिबात नाही!

रंगपट: काल एकाने मराठी सुपरहिरोंच्या टोळीचा काल्पनिक सिनेमा रचून टाकला. कल्पना झकास. पण दिलीप प्रभावळकरांच्या वाट्याला काय? पांढरी दाढी, हातात काठी, पोरांना दोन उपदेश आणि मध्यंतराआधी मरण! डोकंच फिरलं वाचून. 'चौकट राजा'तला नंदू आणि 'झपाटलेला'तला तात्या विंचू दोन वर्षांच्या अंतराने करणारा हा नट. रूप पालटणं हीच त्यांची शक्ती, मग टोळीतला बहुरूपी दुसरा कोण असणार? वयाचं म्हणाल तर २०२५ मध्ये 'दशावतार' आला तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. नजर अधू झालेल्या बाबुली मेस्त्रीने अख्खा सिनेमा ओढून नेला.

सडेतोड: प्रेम समजू शकतो, पण टोळीपट म्हणजे उड्या आणि हाणामारी. उड्या डमी मारणार, चेहरा तेवढा प्रभावळकरांचा. यात नटाचा कसला मान? आणि गुरूचं काम हलकं कुणी ठरवलं? 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी समजावतच तर होते. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा 'शेवरी'सोबत नाव त्याच कामाचं होतं.

बाहुलीवाला: तात्या विंचूचं सगळं श्रेय त्यांना देऊन मोकळे होऊ नका. बाहुला रामदास पाध्यांचा. लहानपणी माझी झोप उडवली ती त्या बाहुल्याच्या मान वळवण्याने.

रंगपट: आवाज बंद करून बघा, किती घाबरताय ते.

बाहुलीवाला: मग तुम्ही डोळे मिटून ऐका! पडद्यामागच्या माणसाला कुणी विचारायचंच नाही, हे आपल्याकडे कायमचं. माझ्या काकांची हयात नाटकांच्या रंगभूषेत गेली, जाहिरातीत नाव कधी आलं नाही. बहुरूपी बहुरूपी करताय, ती दाढी-मिशी चिकटवतं कोण?

रंगपट: दाढी चिकटवून कुणी प्रभावळकर होत नाही.

बाहुलीवाला: असलं तोडून बोलायचं असेल तर राहू दे चर्चा.

नाट्यवेडी: अहो, जरा थांबा दोघं. 'हसवाफसवी' मी आईबरोबर पाहिलं. एकच नट, सहा भूमिका. कृष्णराव हेरंबकर आले तेव्हा आईने कानात विचारलं, "हे कोण गं नवीन?" नुसत्या दाढीने हे होत नाही. आवाज, पाठीचा बाक, शब्दाआधी घेतलेला श्वास, सगळंच दुसऱ्या माणसाचं होतं. पण रंगपट, विंगेत झटपट वेश बदलून देणारी माणसं नसती तर पुढची भूमिका वेळेवर आलीच नसती. काकांबद्दल ते लिहितायत आणि तुम्ही टोमणे मारताय, हे शोभत नाही.

रंगपट: ठीक आहे, टोमणा मागे घेतो. मुद्दा नाही.

सडेतोड: बहुरूपी करायचाच तर हाणामारी पोरांवर सोडा. हा गडी वेश पालटून शत्रूच्या गोटात शिरेल, माहिती काढेल. असं असेल तर माझी हरकत नाही. मध्यंतराआधीचं मरणही काढा, ते मलाही पटलं नव्हतं.

बाहुलीवाला: आणि श्रेयनामावलीत रंगभूषाकार पहिल्या पाटीवर. त्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

रंगपट: कबूल. मग खलनायक तात्या विंचूच ठेवू. बाहुला पाध्यांचा, आवाज प्रभावळकरांचा आणि समोर बहुरूपीही तेच.

बाहुलीवाला: हे चालेल.