थंडीत सकाळी ट्रॅक्टरच्या लिफ्टचा पंप कुंईऽऽ वाजतो, ऑइल कोणतं टाकावं?

जिंतूरकर:
४५ एचपी ट्रॅक्टर, ऑइल ब्रेक (प्लेटा ऑइलात बुडालेल्या), गिअर-डिफरन्शियल-हायड्रोलिकचा ऑइलचा हौद एकच. दिवाळीत ऑइल बदललं, फिटरने सुटं ९० नंबर भरलं. थंडी पडल्यापासून सकाळी सहाला चालू केलं की सीटखालून कुंईऽऽ असा आवाज येतो, रेस वाढवली की तोही वाढतो. पलटी नांगर उचलायला वेळ लागतो, मधेच झटके बसतात. वीस-पंचवीस मिनिटं काम झालं की आवाज बंद, दुपारी तर काहीच नाही. दुकानदार म्हणतो ६८ नंबर हायड्रोलिक ऑइल भरा, एक जण म्हणतो त्यातच दोन लिटर रॉकेल टाका. काय करावं?

गोदाकाठ:
दादा, रॉकेल अजिबात नको. त्याने ऑइलचा थर तुटतो, पंपाचे गिअर आणि बुश घासतात आणि तीच लिफ्ट उन्हाळ्यात वजन धरत नाही, हळूहळू खाली बसते.

हा आवाज पंपाला पोटभर ऑइल मिळत नसल्याचा आहे. घट्ट ऑइल पंपाआधीच्या गाळण्याच्या जाळीतून वेळेवर येत नाही, ओढणाऱ्या बाजूला दाब कमी होतो, ऑइलमध्ये बुडबुडे तयार होतात आणि पंपात दाबाखाली फुटतात. त्यांचाच कुंई आवाज. असाच चालवत राहिलात तर पंपाच्या आतल्या भिंतीवर टोचल्यासारखे खड्डे पडतात, मग ऑइल कितीही चांगलं भरा, दाब बनत नाही.

९० आणि ६८ हे आकडे एका मापाचे नाहीत. ६८ म्हणजे ४० अंशांवरची घट्टता. ९० हा गिअर ऑइलचा ग्रेड, आणि ४० अंशांवर तो ६८ पेक्षा अडीच-तीन पट घट्ट असतो. परभणी-जिंतूरकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली जातो. तिथे ६८ नंबरसुद्धा पाचपट घट्ट होतं, ९० चं तर विचारूच नका.

पण साधं ६८ ही तुमच्या हौदात चालणार नाही. त्यात गिअरच्या दातांना लागणारं संरक्षण नाही आणि ऑइल ब्रेकच्या प्लेटांना लागणारं मिश्रणही नाही. ब्रेक दाबला की घुर्रर्र करून थरथरतो. ऑइल ब्रेक असेल तर ट्रान्समिशन, हायड्रोलिक आणि ब्रेक तिन्हींसाठीचं एकच ऑइल येतं, डब्यावर यूटीटीओ किंवा 'वेट ब्रेक' लिहिलेलं असतं. मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड बघून तेच घ्या, सीलबंद डब्यातलं. ते पहाटेच्या थंडीतही वाहतं आणि मे महिन्यातल्या ४२-४३ अंशांतही टिकतं, त्यामुळे हिवाळ्याचं वेगळं, उन्हाळ्याचं वेगळं असं करावं लागत नाही.

पूर्णाथडी:
ऑइल तर बदलाच, पण जाळी न काढता बदललं तर पैसे वाया. अर्धी चोंदलेली जाळी उन्हाळ्यात गप्प असते, थंडीत बोलते.

दुपारी काम झाल्यावर ऑइल गरम असतानाच सोडा. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल, दोन्हीकडचे ऑइल सोडायचे बोल्ट उघडा, नाहीतर जुनं ९० तळाला उरतं. जाळी डिझेलमध्ये धुवून आतून बाहेर हवा मारा. बोल्टच्या चुंबकाला चिकटलेला करडा लगदा थोडा असेल तर काळजी नाही. पिवळे कण दिसले तर कुठला तरी बुश झिजतोय, चकचकीत पातळ कपच्या दिसल्या तर गिअरचा दात तपासा. सक्शन पाइपची, म्हणजे पंपाकडे ऑइल ओढणाऱ्या पाइपची, ओ-रिंग (रबरी कडी) नवीनच टाका. तिथून ऑइल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते, म्हणून बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि फिटर फसतो. शंका असेल तर इंजिन चालू ठेवून त्या सांध्यावर ग्रीस लावा. आवाज बदलला तर चोर तिथेच.

जिंतूरकर:
डिपस्टिकवर ऑइल पांढरट दिसतंय. पाणी असेल का?

पूर्णाथडी:
काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा भाऊ. खालून स्वच्छ होत वर फेस राहिला तर हवा. ताकासारखं पांढरंच राहिलं किंवा तळाला पाणी बसलं तर पाणी. तापलेल्या तव्यावर एक थेंब टाका, तडतडला की पाणी नक्की. मग ब्रीदर, म्हणजे हौदाची हवा ये-जा करायची नळी, बघा. चिखलाने बुजला किंवा टोपी नसली की प्रेशरने धुताना पाणी आत जातं.

औंढा रोड:
एक राहिलं. टिपिंग ट्रॉली जोडत असाल तर तिचा सिलिंडर हौदातलंच ऑइल ओढतो. ट्रॉली वर गेली की पातळी जाळीपर्यंत उतरते आणि हवा शिरते. डिपस्टिक सपाट जागी, लिफ्ट खाली, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघा.

आवाज फक्त लिफ्ट पूर्ण वर गेल्यावरच येत असेल, तर ऑइलला दोष देऊ नका. जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतोय. लिफ्टची उंची ठरवणाऱ्या पोझिशन लिव्हरचं सेटिंग करून घ्या.

नवीन ऑइल भरल्यावर लगेच रेस देऊ नका. पाच मिनिटं आयडलवर (रेस न देता) ठेवा, रिकामी लिफ्ट आठ-दहा वेळा वर-खाली करा, बंद करून पातळी पुन्हा बघा. पाइप आणि सिलिंडर भरल्याने ती खाली गेलेली असते, तेवढं त्याच डब्यातलं ऑइल वरून घाला.