हात आखडतो, पण सुरुवातीलाच

‘चित्रकलेचा सिद्धांत डोक्यात घेऊन स्केच करायला बसलं की हात आखडतो’ असं मत इथे कुणीतरी मांडलं आहे. मला ते अर्धंच पटलं. नियम नवा असतो तेव्हा आखडतो, हे खरं. अंगवळणी पडल्यावर मात्र तोच नियम हात मोकळा करतो. डच चित्रकार व्हॅन गॉगचं उदाहरण इथे यायलाच हवं. ऑगस्ट १८८२ मध्ये त्याने हेगहून भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात यथादर्शनाच्या (पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं-लांबचं कागदावर नेमकं दाखवणं) चौकटीचं रेखाटन आहे. दोन उंच खुंटांवर बसवलेली चौकट, तिच्यात उभ्या, आडव्या आणि तिरप्या रेषा. किनाऱ्यावर किंवा कुरणात ती रोवायची आणि खिडकीतून बघावं तसं त्यातून बघायचं. म्हणजे निव्वळ भूमिती! पण पुढे तो म्हणतो की दीर्घ सरावानंतर याच साधनामुळे विजेच्या वेगाने रेखाटता येतं. उत्स्फूर्ततेसाठी ज्याचं नाव आपण सगळ्यात आधी घेतो, त्याचं हे म्हणणं आहे.

त्याच्या पत्रांतल्या काही रेखाटनांवर त्या त्या जागी रंगांची नावंही लिहिलेली आहेत. ती पाहून मी माझ्या वहीत एक बदल केला. पूर्वी काढता काढताच छायाप्रकाशाच्या नोंदी करायचो आणि रेषा तिथेच अडखळायची. आता आधी रेखाटन पूर्ण करतो, मग त्याच पानावर रंग आणि उजेडाची दिशा लिहितो. नोंदी तेवढ्याच राहिल्या, पण रेषेतला अडखळलेपणा गेला. निदान माझ्यापुरता तरी प्रश्न सिद्धांताचा नव्हता, तो कधी आठवायचा याचा होता.