जहाज अपघाताची चौकशी : साक्षीदाराला ‘बोलावणं’ की ‘भाग पाडणं’?

वर्धाकाठ : राजेहो, भाचा मर्चंट नेव्हीच्या परीक्षेचा अभ्यास करून राहिला. पुस्तकात आहे, चौकशी करणारं कोर्ट साक्षीदारांना अन् पुराव्याला ‘कम्पेल’ करू शकते. मराठीत काय म्हणावं? दुसरं, २०२१ मध्ये झुंज गावाजवळ वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले, तेव्हा पेपरात ‘चौकशी’ अन् ‘तपास’ दोन्ही यायचं. एकच का?

पेशकार : एक नाही भाऊ. तपास पोलिसांचा, कायद्याच्या मराठीत ‘अन्वेषण’. चौकशी मॅजिस्ट्रेटची किंवा कोर्टाची. बोलीत मात्र सगळी भेळ.

‘बोलावणं’ फार नरम पडते. आधी समन्स निघतो. त्याची आपल्याकडे ‘तामील’ होते, पुण्याकडे तो ‘बजावतात’. तामील म्हणजे कागद हातात पडला, सही झाली, एवढंच. माणूस पेशीवर आला नाही तर जामीनपात्र वॉरंट, तरी नाही तर पकड वॉरंट. म्हणून ‘हजर राहण्यास भाग पाडणे’ बरोबर. कागदपत्रांना ‘सादर करायला लावणे’. ‘पाचारण’ सत्कार समारंभासाठी ठेवा.

डेकवरचा : जहाजांचं सांगतो. १९५८ च्या मर्चंट शिपिंग ॲक्टचं कलम ३६७ बघा. पुराव्यासाठी गरज वाटली तर कोर्ट साक्षीदाराच्या अटकेचं वॉरंट काढू शकतं आणि त्यासाठी अधिकाऱ्याला जहाजावर चढायची मुभा देऊ शकतं. तो अधिकारी पोलीस, कस्टम्स, कुणाचीही मदत घेऊ शकतो. २०२५ साली नवा कायदा आला, पण शब्द समजायला हे कलम झकास आहे. जहाज उद्या दुसऱ्या देशात असतं, समन्सच्या मागे कोण धावणार? पुरावा म्हणजे लॉगबुक आणि ब्रिजवरचं (जहाज चालवायच्या खोलीतलं) बोलणं, रडारचं चित्र साठवणारा व्हॉएज डेटा रेकॉर्डर. ते जपून ठेवायला उशीर झाला तर जुनं रेकॉर्डिंग पुसून नवं चढतं.

वर्धाकाठ : अन् आमच्या घाटावरच्या ढिवरबाबाले ठाण्यात नेलं तर? डोंगा उलटताना त्यानंच पाहिलं समजा.

पेशकार : साठीच्या वरचा असेल तर पोलीस जबाबासाठी त्याला ठाण्यात यायला लावू शकत नाहीत, त्याच्या घरी जावं लागते. बायकांचंही तसंच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १६०. कोर्टाच्या समन्सला मात्र हे लागू नाही, तिथं बाबाले जावंच लागीन.

डेकवरचा : अजून एक. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची अपघात-चौकशी संहिता १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. तिथल्या चौकशीचा हेतू दोष ठरवणं नाही, पुढचे अपघात टाळणं आहे. खलाशाला ती चौकशी कसली ते आधी सांगायचं, स्वतःवर बालंट येईल अशा उत्तरांबाबत वकिलाचा सल्ला मिळू द्यायचा. म्हणून तिथे ‘जबाब नोंदवणे’ नको वाटतं, ‘माहिती घेणे’ बरं.

वर्धाकाठ : आमच्याकडे दोन्हीले ‘बयान’च म्हणतात. भाच्याले ‘भाग पाडणे’ लिहायला सांगतो.

पेशकार : ‘भाग पाडण्याचे अधिकार’ लिही म्हणा. नुसतं ‘सक्ती’ लिहिलं तर पेपर तपासणारा मारहाण समजन.